नागपूरच्या उन्हात गच्चीवर सांबार, पालक, फुलकोबी... पहिल्यांदाच लावतेय, मदत हवी

नवी_माळीण | १९ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथले धागे वर्षभर नुसते वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

माझं माहेर नाशिकचं, लग्नानंतर नागपूरला आले. आईच्या परसात थंडीत काहीही टाकलं की उगवायचं, त्यामुळे मला वाटलं इथे एवढी मोठी गच्ची आहे, ऊन तर बघायलाच नको, मग भाजीला अजून काय लागतं? फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन बियांचं किट मागवलं, त्यात सगळ्या हिवाळी भाज्या होत्या. बारा काळ्या ग्रो बॅग आणल्या, कोकोपीट, गांडूळखत आणि माती मिसळून भरल्या, आणि एकेका बॅगेत एकेक भाजी लावून टाकली. आता दीड महिना झाला, परिस्थिती अशी आहे:

सांबार (कोथिंबीर हो, इथे सांबारच म्हणतात, मलाही सवय झाली) चार बोटं वाढला आणि मधूनच उंच दांडा निघाला, वरची पानं बडीशेपेसारखी बारीक झाली आणि आता पांढरी फुलं आलीत. मुळा उपटला तर बोटाएवढा, आतून जाळीदार आणि इतका तिखट की कोणी खाईना. वाटाण्याला फुलं आली, मी रोज मोजायचे, अकरा फुलं, अकराच्या अकरा वाळून गळली. फुलकोबीची रोपं नर्सरीतून आणली होती, तिला नुसती पानं, सूपभर पानं, गड्ड्याचा पत्ता नाही. लेट्यूस मागच्या आठवड्यात टाकला, एक बी उगवलं नाही. पालकाच्या दोन बॅगा आहेत, एकीत किटमधलं बी, दुसरीत इतवारीतल्या दुकानातून सुटं आणलेलं. किटमधला फुलावर गेला, दुकानातला मात्र अजून हिरवागार आहे, दोनदा कापून झाला. माती तीच, पाणी तेच, मग असं का?

आज इथे पारा ३८ वर होता, अजून एप्रिल-मे बाकी आहे. माझी चूक नेमकी कुठे झाली ते सांगा. आणि एक मनापासून विचारायचंय, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या सध्या बाजारात जात नाहीत, त्यांची फार इच्छा आहे की मे महिन्यात गच्चीवरच्या सांबाराची सांबारवडी करावी. होईल का हे?

---

वऱ्हाडी_माणूस | १९ मार्च, रात्री ११.१५

ताई, पहिले तर बॅगा फेकू नका. तुमच्या हातात काही खोट नाही, तुमचं पंचांग चुकलं. हिवाळी भाजी आपल्या इकडे दसरा-दिवाळीच्या मधात टाकतात, तुम्ही शिवरात्रीला टाकली. थंडी जायच्या वेळेस लावलं तर ते झाड बिचारं काय करीन, त्याला वाटते आपलं आयुष्य संपत आलं, मग ते घाईघाईनं फूल काढते अन् बी धरते. आमच्याकडे याला डेंगळे आले म्हणतात.

मुळा उपटून टाकू नका, फुलू द्या, त्याले डिंगऱ्या लागतीन. डिंगऱ्याची भाजी दाण्याचा कूट घालून करा, भाकरीसंग एक नंबर लागते. सांबारही ठेवा, हिरवे धने येतीन, ते ठेच्यात घाला.

बाकी उन्हाळ्यात फुलकोबीचा नाद सोडा. मार्चनंतर नागपुरात गच्चीवर ते होत नाही. चिवळ लावा, अंबाडी लावा, लाल माठ लावा. चिवळीची भाजी तर उन्हाळ्याचीच आहे, जितकं ऊन तितकी पसरते.

---

मातीमाय | २० मार्च, सकाळी ६.५०

नवी_माळीण, तू फार नीट निरीक्षण केलंयस, दोन पालकांचं तर खासच. उत्तर तिथेच आहे. मी पुण्यात तीस वर्षं भाजी लावतेय, त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मला हे कोणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते दोन पालक एकमेकांचे सख्खे नाहीतच गं. आपला देशी पालक हा बीटच्या घराण्यातला. बी हातात घेऊन बघ, खडबडीत गोळी असते आणि एकेका गोळीतून दोन-दोन तीन-तीन रोपं निघतात, अगदी बीटसारखी. त्याला ऊन बऱ्यापैकी चालतं. ऑल ग्रीन, पुसा ज्योती, अर्का अनुपमा ही सगळी ह्या देशी पालकाची वाणं. किटमध्ये आला तो विलायती पालक, चुरगळल्यासारख्या पानांचा, त्याला गारवाच लागतो आणि दिवस मोठा व्हायला लागला, ऊन वाढलं की तो लगेच फुलावर जातो. नाव एक, झाडं दोन. म्हणून माती तीच, पाणी तेच, आणि फळ वेगळं.

हेच सगळीकडे लागू होतं. "फुलकोबी" असं एकच झाड समजून बी घेऊ नकोस. लवकर येणारी वाणं असतात, पुसा मेघना, पुसा कातकी, अर्ली कुंवारी, त्यांचा गड्डा २० ते २७ अंशांतही धरतो. मधल्या हंगामाची पुसा शरद. आणि स्नोबॉल गटातली उशिराची, त्यांना गड्डा धरायला १० ते १६ अंश लागतात. स्नोबॉलचं रोप उन्हात लावलं की ते तुझ्यासारखंच होणार, सूपभर पानं आणि गड्डा नाही, कारण ते थंडीची वाट बघत बसतं. उलटंही होतं, लवकरचं वाण उशिरा थंडीत लावलं की झाड अंगठ्याएवढं असतानाच बटणाएवढा गड्डा धरून मोकळं होतं. नर्सरीवाल्याला वाण विचारलं होतंस का? नसशील तर पुढच्या वेळी पहिला प्रश्न तोच विचार.

मुळ्यात पुसा चेतकी उन्हाळ्या-पावसाळ्यासाठीच काढलेला आहे, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. पुसा हिमानी थंडीचा. गाजरात पुसा वृष्टी गरमी सोसतं, नारिंगी नांटेस नाही सोसत.

(तू विचारशील म्हणून सांगते, सगळ्यांच्या नावात पुसा का? बिहारमधल्या पुसा गावी १९०५ साली शेती संशोधन संस्था निघाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडली, मग १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलवली आणि गावाचं नावही सोबत आलं. अर्का म्हणजे बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं.)

लेट्यूसचं बी मेलेलं नाहीये. माती तीस अंशांच्या वर गेली की ते झोपून राहतं. ओल्या टिशूत गुंडाळून डब्यात घालून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेव, मग घरात गार जागी पेर, उगवेल. पण उगवलं तरी मे मध्ये पान कडू होणार, तेव्हा ते बी दिवाळीसाठी फ्रिजमध्येच राहू दे असं मी म्हणेन.

---

कोळीवाडा_किचन | २० मार्च, दुपारी १.२०

मातीमाय यांनी बियाण्याचं सांगितलं, मी बॅगेचं सांगते. काळी ग्रो बॅग उन्हात तापलेल्या स्लॅबवर म्हणजे मुळं तव्यावर. वरून आपण पानांना सावली करतो आणि खालून मुळं भाजतात, कळतच नाही. मी मासळी बाजारातून थर्माकोलची खोकी आणते, बर्फाची असतात ना ती. तळाला सात-आठ भोकं पाडायची, स्वच्छ धुऊन दोन दिवस उन्हात ठेवायची म्हणजे वास जातो, त्यात माती भरायची. जे खोकं बर्फ वितळू देत नाही ते मुळांनाही तापू देत नाही. खाली दोन विटा द्यायच्या म्हणजे हवा खेळते. खोकी नाही मिळाली तर बॅगेला गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा, मातीची कुंडी तर सगळ्यात बरी, ती स्वतःच पाझरून गार राहते.

आणि सासूबाईंना मेथी आवडते का? आमच्याकडे समुद्राकाठी वाळूत मेथी करतात, समुद्रमेथी, बोटभर उंचीची, मुळासकट उपटून जुडी बांधतात. पसरट ट्रेमध्ये तीन बोटं वाळू आणि थोडं गांडूळखत, मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरायचे, सावलीत ठेवायचं, दहा-बारा दिवसांत काढायचं. एवढ्या कमी दिवसांत तिला फुलायला वेळच मिळत नाही. भर उन्हाळ्यात मुंबईच्या खिडकीत मी हीच करते.

---

सासवडचा_शेतकरी | २० मार्च, रात्री ९.०५

वाटाण्याबद्दल बोलतो कारण आमचं पुरंदर त्याच्यावर चालतं. लोकांना वाटतं वाटाणा म्हणजे थंडीच, पण आम्ही जून-जुलैत पेरतो आणि श्रावण-भाद्रपदात तोडतो, कारण आमचा भाग उंचावर आहे, ढगाळ हवा असते, पाऊस बेताचा आणि रात्री गार. नागपुरात पावसाळ्यात तसं वातावरण नसतं, उकाडा असतो, तेव्हा आमचं वेळापत्रक तुम्ही उचलू नका. तुमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाका. तिशीच्या वर सतत पारा राहिला की वाटाण्याचं फूल गळतं, खत घाला नाहीतर पाणी घाला. अर्केल घ्या, बुटकं असतं, बॅगेत भागतं, साठ दिवसांत शेंगा येतात. दाणे उगवायला टाकायच्या आधी पाच-सहा तासच भिजवा, रात्रभर ठेवले की बॅगेत कुजतात.

अकरा फुलं मोजली म्हणालात, ते वाचून बरं वाटलं. मोजणाराच पुढे शिकतो.

---

नवी_माळीण | २१ मार्च, रात्री ९.३०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, खरंच डोळ्यांत पाणी आलं. आज दुपारी तीन वाजता मुलाच्या प्रयोगाच्या पेटीतला थर्मामीटर बॅगेत दोन बोटं खोल खुपसून बघितला. काळ्या बॅगेत ४४ अंश. शेजारी मातीच्या कुंडीत तुळस आहे, तिच्यात ३३. एकाच गच्चीवर, हातभर अंतरावर. मी महिनाभर ह्या बॅगांना पाणी कमी पडतंय समजून दुपारी बारा वाजता पाइपने पाणी घालत होते, आणि टाकीतलं पाणी त्या वेळी चहा करावा इतकं तापलेलं असतं. म्हंजे मीच गरम पाणी ओतत होते मुळांवर.

आता ठरवलंय, फुलकोबी, वाटाणा, गाजर, लेट्यूस सगळं बंद, ते दसऱ्यानंतर. चिवळ आणि लाल माठ दोन बॅगांत. पण सांबार मला करायचाच आहे. कोणी मे मध्ये केलाय का?

---

मस्कतकर | २१ मार्च, रात्री ११.५०

मी ओमानमध्ये बारा वर्षं आहे, मूळचा कोल्हापूरचा. इथे मेपासून ऑगस्टपर्यंत बाहेर काहीच लावत नाही, शेतकरीसुद्धा ऑक्टोबर ते एप्रिल हाच हंगाम धरतात. पण कोथिंबीर आम्ही मराठी मंडळी बारा महिने करतो, घरात, पूर्वेच्या खिडकीत. एसीचा गारवा आणि सकाळचं ऊन, एवढंच. फक्त एसीची थेट हवा लागू द्यायची नाही, पानं कडेने करपतात.

सप्टेंबरमध्ये बाहेर अजून भाजून काढणारं ऊन असतं तेव्हा मी कोबी-फुलकोबीची रोपं घरातच करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी बाहेर काढतो, तेही एकदम नाही. पहिले दोन दिवस तासभर, मग दोन तास, असं आठवडाभर. घरातलं रोप थेट उन्हात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत पानं कागदासारखी पांढरी होतात, माझी अशी तीस रोपं गेली आहेत.

---

वऱ्हाडी_माणूस | २२ मार्च, सकाळी ७.३०

ताई, सांबार मे मध्ये होते. मी पंधरा वर्षापासून करून राहिलो. ऐका आता.

जागा पाहा, जिथं सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत येते अन् मग भिंतीची सावली पडते. पाण्याच्या टाकीच्या पूर्वेकडची जागा असन तर तीच घ्या. तशी नसन तर ५० टक्केवाली हिरवी शेडनेट, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी जाळी, बांधा, पण झाडाच्या डोक्यावर टेकवू नका, चार फूट उंच बांधा अन् बाजू मोकळ्या ठेवा. चारही बाजूंनी बांधली तर आत भट्टी होते. फक्त पश्चिमेकडून एक पडदा सोडा, दुपारचं तिरपं ऊन तिकडूनच मारते.

बियाणं म्हणजे धनेच, पण बाजारातले जुने मसाल्याचे नको, बियाण्याच्या दुकानातून आणा. ते चपलेनं हलक्या हातानं रगडा, एका धन्याचे दोन भाग झाले पाहिजे, भुगा नाही. रात्रभर पाण्यात, मग फडक्यात बांधून एक दिवस. पसरट क्रेट किंवा थर्माकोलचं खोकं, सहा-सात इंच माती पुरते. दाट पेरा, अर्धा इंच माती वर. मग पूर्ण खोकं ओल्या गोणपाटानं झाकून टाका. रोज सकाळी सहाच्या आत गोणपाटावरच पाणी शिंपडा. सहाव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून पाहा. पहिली पांढरी मान दिसली की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला की रोपं पिवळी अन् लांबोडकी होते, मग ते उभे राहत नाही.

अन् सगळ्यात महत्त्वाचं. हिवाळ्यासारखं कापून कापून तीनदा घ्यायचा लोभ धरू नका. पस्तीस-चाळीस दिवसात, एक वीत झाला की मुळासकट उपटा अन् खा. थांबले की डेंगळे येते. दर दहा-बारा दिवसाला नवीन खोकं पेरा, म्हणजे घरात सांबार तुटत नाही.

---

नवी_माळीण | ११ मे, सकाळी ८.००

कळवायचं राहून गेलं होतं, आज मुद्दाम लिहायला बसले.

पहिलं खोकं २८ मार्चला पेरलं. गोणपाट उचलायला मी एक दिवस चुकले, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी उचललं तर सगळी रोपं पिवळी, मटकीच्या मोडासारखी एकमेकांवर लोळलेली. त्यातली पाव जगली. दुसरं खोकं ४ एप्रिलला. ह्या वेळी सासूबाईंनीच जबाबदारी घेतली, त्यांना जिना चढवत नाही म्हणून खोकं खाली मागच्या ओट्यावर ठेवलं, तिथे पूर्वेचं ऊन येतं. त्या रोज पहाटे खुर्ची घेऊन बसायच्या आणि गोणपाटाचं टोक उचलून बघायच्या. नवव्या दिवशी मला हाक मारली, "ये, निघालं बघ". आडव्या वाकलेल्या इवल्याशा माना, त्यांच्या टोकाला धन्याचं अर्ध टरफल अजून चिकटलेलं.

परवा दुपारी ४४ अंश होतं. काल पहाटे अर्धं खोकं उपटलं. जुड्या झाल्या चार. मुळं पांढरी शुभ्र, आणि वास असा की हात धुतल्यावरही जाईना. काल घरी सांबारवडी झाली. पोहे-खसखस-खोबऱ्याचं सारण सासूबाईंनी स्वतः उभं राहून परतलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्या गॅसपाशी उभ्या राहिल्या.

वऱ्हाडी दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

---

वऱ्हाडी_माणूस | ११ मे, सकाळी ९.१०

आभार काहून बाप्पा, आईले नमस्कार सांगा. नवतपा लागला की आणखी जपा, २५ मेपासून नऊ दिवस नवीन पेरू नका, आहे ते सांभाळा.

---

मातीमाय | ११ मे, सकाळी ११.३०

वाचून फार आनंद झाला गं. आता पुढचं डोक्यात ठेव. फुलकोबी हवी असेल तर बी आत्ताच शोधायला लाग, ऐनवेळी दुकानदार हातात येईल ते देतो. पुसा शरदसारखं मधल्या हंगामाचं वाण घे, जुलैच्या शेवटी-ऑगस्टच्या सुरुवातीला रोपवाटिका, रोप चार आठवड्यांचं झालं की लावणी. त्याहून म्हातारं रोप लावू नकोस, खुरटतं. म्हणजे गड्डा धरायच्या वेळी नोव्हेंबरचा गारवा मिळेल. झाड उन्हात मोठं होऊ दे, त्याला तेवढं चालतं, गड्डा मात्र गारव्यात पडायला हवा, अशी तारीख मागून मोजत यायची.

---

नवी_माळीण | १७ ऑगस्ट, रात्री १०.१५

मातीमाय ताई, बी मिळालं, पुसा शरदच. ३ ऑगस्टला ट्रेमध्ये टाकलं, पाचव्या दिवशी छान उगवलं, आणि मग तीन दिवस झड लागली. रोपं जमिनीलगत मानेपाशी बारीक होऊन आडवी पडतायत, वरून पान हिरवंच असतं. साठातली बावीस गेली. काय करू?

---

सासवडचा_शेतकरी | १७ ऑगस्ट, रात्री १०.४०

ही रोपमर, बुरशी आहे, जास्त ओलीमुळे होते. ट्रे आधी पावसातून उचला, वर पारदर्शक प्लास्टिक ताणा पण बाजूने वारा लागू द्या. दोन दिवस पाणी बंद. वरची माती सुकली की ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) पाण्यात कालवून मुळापाशी द्या, पॅकेटवर प्रमाण असतं. पडलेली उपटून लांब फेका. आणि उरलेली दाट असतील तर विरळ करा, दोन रोपांत दोन बोटं. आता जी आहेत ती वाचतील.

---

नवी_माळीण | ९ ऑक्टोबर, दुपारी ४.२०

एकतीस वाचली, त्यातली चौदा ३१ ऑगस्टला लावली, बाकी शेजारी वाटली. एका बॅगेत एकच रोप, बॅगा सगळ्या विटांवर, गोणपाट गुंडाळलेलं, वर वाळलेल्या पानांचं आच्छादन तीन बोटं.

आता ऑक्टोबर हीट आहे, दुपारी पानं पार मान टाकतात, मला राहवत नाही, पाणी घालावंसं वाटतं. आणि दुसरं म्हणजे पानांना बारीक बारीक खिडक्या पडल्यात, वरचा पापुद्रा तसाच आणि खालचं खाल्लेलं. रात्री टॉर्च घेऊन पान उलटं केलं तर हिरव्या रंगाची नखाएवढी अळी, हात लावला की तडफडते आणि धागा सोडून खाली लोंबकळते.

---

मातीमाय | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

दुपारची मान टाकणं बघून पाणी घालू नकोस. मोठं पान जितकं पाणी उडवतं तितकं मुळं दुपारी ओढू शकत नाहीत, म्हणून ते लवतं. सूर्य कलल्यावर सहा वाजता बघ, पान उभं राहिलं असेल तर झाड ठीक आहे. संध्याकाळीही लवलेलंच असेल तर बोट दोन पेरं मातीत घाल, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर मुळं कुजतायत असं समज.

ती अळी चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची. धाग्यावर लोंबकळते ना, तीच तिची खूण. चौदाच झाडं आहेत, रोज रात्री हाताने वेच, त्यासारखा उपाय नाही. पाच टक्के निंबोळी अर्क कर, एका लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून गाळायची, जरासा साबण, संध्याकाळीच फवारायचं, पानाच्या खालून. आणि दोन-तीन कुंड्यांत मोहरी पेर. तो पतंग मोहरीवर आधी अंडी घालतो. शेतकरी कोबीच्या ओळींत मोहरीची ओळ ह्याचसाठी लावतात. मोहरीवरच्या अळ्या मात्र मारत राहा, नाहीतर तिथेच पैदास होईल.

शेडनेट अजून आहे का वर? असेल तर ह्या आठवड्यात काढ. आता सावलीत झाड नुसतं उंच होईल.

---

नवी_माळीण | २९ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

१४ नोव्हेंबरला मधली पानं बाजूला करून बघितली तर आत सुपारीएवढं पांढरं काहीतरी. मी तिथेच बसून राहिले. मग चौदापैकी अकरा झाडांना गड्डे धरले (अकराच, वाटाण्याच्या फुलांएवढे). तीन झाडांची शेंड्याची कोंब अळीने खाल्ली होती, त्यांना काही आलं नाही.

पहिल्या तीन गड्ड्यांवर पानं बांधायची असतात हे मला माहीत नव्हतं, ते उन्हाने पिवळसर झाले, चवीला फरक नाही पण दिसायला बाजारासारखे नाहीत. बाकीच्या आठांची बाहेरची पानं वर ओढून सुतळीने सैल बांधली, ते आतून दुधासारखे निघतायत. काल त्यातला एक कापला, घरच्या काट्यावर ६२० ग्रॅम. वाटाणा २७ ऑक्टोबरला टाकलाय, अर्केल, आज त्याला फुलं आलीत आणि गळत नाहीयेत. रात्री स्वेटर लागतोय इकडे. मुलगा रोज शाळेत जायच्या आधी वर जाऊन फुलं मोजून येतो, मी त्याला सांगितलं नव्हतं.

---

सासवडचा_शेतकरी | २९ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

सहाशे ग्रॅम बॅगेत म्हणजे चांगलाच. सुतळी बांधल्यावर चार-पाच दिवसांत कापत जा, जास्त ठेवला की गड्डा सुटतो, दाणेदार होतो. शेंगा डिसेंबरच्या शेवटी धरतील, दाणा हाताला लागला की लगेच तोडा.

---

चांदा_ते_बांदा | ६ जानेवारी, रात्री ८.५०

नमस्कार, हा धागा पूर्ण वाचला. मी चंद्रपूरची, ह्याच वर्षी गच्ची मिळाली. आता थंडी आहे तर गाजर आणि फुलकोबी टाकून घेऊ का? घाई करावी असं वाटतंय.

---

नवी_माळीण | ६ जानेवारी, रात्री ९.४०

ताई, आत्ता नको. गाजराला तीन महिने लागतात, म्हणजे ते एप्रिलच्या चंद्रपूरच्या उन्हात सापडणार. फुलकोबीचं तर मी गेल्या वर्षी हेच केलं होतं, वर सगळं लिहिलंय. आत्ता देशी पालक टाका, सुट्या बियांचा, मेथी टाका, मुळ्यात पुसा चेतकी टाका, हे तिन्ही ऊन तापायच्या आत हातात येतील. सांबार आजच पेरा आणि मग दर दहा दिवसांनी, मार्चपासून गोणपाटाखाली. धने रगडताना दोनच भाग, भुगा नको.

आणि ५० टक्क्यांची शेडनेट ह्याच महिन्यात आणून ठेवा. मी एप्रिलमध्ये शोधायला निघाले तेव्हा तीन दुकानं फिरले, दोन ठिकाणी संपली होती आणि तिसऱ्याकडे फक्त ७५ ची उरली होती.